पितळी कर्ण्याचं खोटं वय

मुंबईच्या मटन स्ट्रीटवर, म्हणजे चोर बाजाराच्या ऐन पोटात, ग्रामोफोन शोधावा लागत नाही. दुकानाच्या उंबऱ्यावरच भला थोरला पितळी कर्णा झळकत असतो. खाली गडद पॉलिशची अष्टकोनी पेटी, पेटीवर कर्ण्यात कान घालून बसलेला कुत्रा. ‘सौ साल पुराना है साब, अंग्रेज के जमाने का.’ दुकानदार चावी देतो, घासलेल्या तबकडीवर गंजकी पिन टेकवतो आणि गाणं लागतं. गाणं लागलं की गिऱ्हाइकाच्या शंका मिटतात.

तो कर्णा बहुतेक वेळा दुकानदाराच्या धाकट्या मुलाहूनही लहान असतो. गेल्या काही दशकांत आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत जुळवलेले असे ग्रामोफोन इतक्या संख्येने देशाबाहेर गेले की तिकडच्या संग्राहकांनी त्यांना ‘क्रॅपोफोन’ असं शिवीवजा नाव ठेवलं. हॉटेलांच्या लॉबीत आणि जुन्या काळाच्या मालिकांच्या सेटवर आपल्याला दिसतो तोही बहुधा हाच.

त्याची कुंडली मांडून पाहण्यासारखी आहे, आणि सुरुवात कुत्र्यापासूनच करू. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराने निपर नावाचा कुत्रा मुळात एडिसनच्या पद्धतीच्या, मेणाच्या नळकांड्यावर आवाज उमटवणाऱ्या फोनोग्राफसमोर बसवला होता. काळ्या कर्ण्याऐवजी पितळी कर्णा रंगवावा म्हणून १८९९ मध्ये तो लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत नमुना मागायला गेला. फोनोग्राफ पुसून त्या जागी आमचं तबकडीचं यंत्र काढलंस तर चित्र विकत घेतो, असं कंपनीच्या व्यवस्थापकाने सुचवलं. पन्नास पौंड चित्राचे आणि पन्नास हक्कांचे, असा व्यवहार झाला. वरच्या रंगाखाली जुना फोनोग्राफ आजही ओळखू येतो. म्हणजे ज्या चित्राचा दाखला म्हणून बाजारात वापर होतो, तेच खाडाखोड केलेलं आहे.

ब्रिटिश कंपनीने हा कुत्रा तबकड्यांच्या लेबलवर आणला तो १९०९ पासून. त्याआधी तिचं चिन्ह होतं पिसाच्या लेखणीने तबकडीवर लिहिणारा देवदूत. १९०० ते १९०७ या काळात कंपनीचं नावही वेगळं होतं, ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर’, कारण तिने टंकयंत्रं विकायचाही खटाटोप करून पाहिला होता. तेव्हा ‘१९०२ चा आहे’ असं सांगत कोणी कुत्रा दाखवू लागला तर तिथेच थांबावं.

कर्णाही तसाच बोलका. त्या काळच्या यंत्रांवर नितळ पितळेचे कर्णे होते, नाही असं नाही. पण पत्र्याचे रंगवलेले, निकेलचा मुलामा दिलेले, काळ्या पत्र्याला फक्त तोंडाशी पितळ जोडलेले आणि महागड्या यंत्रांवर ओक किंवा महोगनीच्या लाकडाचेही कर्णे पुष्कळ असत. पाकळ्यापाकळ्यांचे कर्णे १९०५ च्या आसपास पसरले. सगळ्यात जुन्या यंत्रांत कर्ण्याचा भार थेट साउंडबॉक्सवर, म्हणजे पिनेवर आणि तबकडीवर पडायचा. १९०३ च्या सुमारास निमुळता टोनआर्म आला, कर्णा मागच्या ओतीव कंसावर गेला आणि तबकडीचे हाल कमी झाले. नकली यंत्रात हा मागचा कंसच फसवणूक उघडी पाडतो. कर्णा त्यात नुसता खोचलेला, हलवला की डुगडुगतो आणि सांध्यातून आवाज गळतो. मग कंसाच्या स्क्रूंकडे पाहावं. माथ्यावर अधिकाच्या चिन्हाची खाच असली तर बोलणंच संपलं, कारण फिलिप्सच्या त्या स्क्रूचं पेटंट १९३६ चं आहे.

शेवटी तबकडीखालची पाटी उघडायला सांगावी. बरेच दुकानदार नको म्हणतात, कारण खरी हळहळ वाटावी अशी गोष्ट तिथे असते. आत पोर्टेबल ग्रामोफोनची मोटर सापडते. टोनआर्म आणि साउंडबॉक्सही कित्येकदा त्याच पेटीतून काढलेले असतात.

आपल्याकडच्या ग्रामोफोनचा इतिहास खरं तर त्या पेटीचाच जास्त आहे. फ्रेड गेसबर्गने १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहर जानचा आवाज मुद्रित केला. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापून बोटीने परत येत. कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला १९०८ मध्ये. गंमत अशी की जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः आपल्याच छोटा नागपूरच्या जंगलांतून जात होती. पण तोवर बाहेरच्या कर्ण्याचे दिवस भरत आले होते. अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने १९०६ मध्येच कर्णा कपाटाच्या आत लपवला. पुढच्या दोन दशकांत कर्णा दुमडून बॅगेएवढ्या पेटीत बसला, आणि तीच पेटी मराठी घरांत, वाड्यांच्या माजघरांत आणि चाळीच्या गॅलरीत पोचली. बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर अनेकांनी ऐकले ते याच ‘फोनो’वर. १९३१ साली आलेलं एचएमव्हीचं १०२ मॉडेल जवळजवळ तीन दशकं बनत होतं. वीज नसलेली घरं इतकी होती की चावीचा फोनो आपल्याकडे फार उशिरापर्यंत टिकला. बीटल्सची गाणीसुद्धा साठच्या दशकात भारतात अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. त्या तबकड्यांवर आज परदेशी संग्राहकांच्या उड्या पडतात.

अशा पेट्या फोडून खोटा कर्णा उभा राहतो. १९३५ ची अस्सल वस्तू मारून १९०५ ची नकली घडवायची, आणि अस्सलपेक्षा जास्त भावाने विकायची! नकलेचा मला इतका राग नाही. शोभेची वस्तू म्हणून, नवी आहे असं सांगून कोणी विकली तर विकू दे. राग आहे तो या कत्तलीचा.

मग किंमत कशाची करायची? सगळे भाग एकाच यंत्राचे आहेत का, हा पहिला प्रश्न. एडिसनची ‘स्टँडर्ड’ आणि ‘होम’ ही नळकांड्याची यंत्रं लाखोंनी बनली, त्यामुळे नुसत्या वयाला तिथे फारसा भाव नाही. मात्र त्यांच्याच जोडीचा मूळ कर्णा शाबूत असेल तर भाव चढतो. लाकडी कर्ण्याची किंमत कधी कधी खालच्या यंत्राहून जास्त होते. उलट, लंडनच्या ईएमजी या छोट्या पेढीची यंत्रं १९३० च्या आसपासची, म्हणजे ‘जुनी’ म्हणून मिरवण्याजोगीसुद्धा नव्हेत. त्यांचे कर्णे तर कागदाच्या लगद्याचे! पण ते हाताने बनवलेले, माणूस झाकला जाईल एवढे मोठे, आणि त्यांतून निघणारा आवाज ऐकून आजही जाणकार थक्क होतात. कर्ण्याचं तोंड जितकं मोठं तितके खालचे स्वर नीट बाहेर पडतात. म्हणून त्या लगद्याला पितळेपेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात.

दुसरा प्रश्न, मागच्या मालकाने काय काय ‘सुधारलं’? जुन्या लाकडावरचा लेप लाखेचा असतो, स्पिरिटचा बोळा फिरवला की तो उठतो आणि सोनेरी अक्षरंही जातात. ब्रासो घासून निकेलचा मुलामा काढून टाकणारे महाभाग तर घरोघरी आहेत. जस्ताच्या मिश्रधातूचे भाग वर्षानुवर्षं आतून फुगतात आणि तडकतात. त्याला उपाय नाही, म्हणून साउंडबॉक्सची पाठ आणि टोनआर्म उजेडात धरून बघावेत. रबराचे वॉशर दगड झाले असतील तर घाबरू नये, ते बदलता येतात. चावी देताना आतून धाडधाड आवाज आला तर स्प्रिंगमधलं ग्रीस सुकलेलं आहे. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावं, कारण डब्यातून सुटलेली स्प्रिंग बोटं फाडते. आणि पिन दर बाजूला नवी लावावी. तबकडीच्या लाखेत दगडाची भुकटी असते, ती पिनेला घासून खाचेच्या आकाराची करते. तीच पिन पुन्हा वापरली की मग तीच खाच खरवडू लागते.

कायद्याची बाजू चोर बाजारात कोणी काढत नाही. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका आल्यास वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. ‘सौ साल पुराना’ म्हणून घेतलेला कर्णा विमानतळावरून सुखरूप पार व्हायचा असेल तर पर्यटकाने तो खोटाच निघावा अशी प्रार्थना करायला हवी.

पोर्टेबलला ही अडचण एवढ्यात नाही, आणि तिचा भावही अजून मध्यमवर्गाच्या आटोक्यात आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली तर काळ्या कापडाने मढवलेली, कोपरे झिजलेली एखादी पेटी अजून हाती लागू शकते. झाकण उघडून साउंडबॉक्स, टोनआर्म आणि चावी जागेवर आहेत ना एवढं पाहावं आणि घासाघीस फार न करता उचलावी. तुम्ही सोडलीत, तर मागून येणारा गिऱ्हाईक बहुधा तिची मोटरच काढायला आलेला असतो.