जीपचा खटका

सरकारी दौरे, जंगलखात्याची गस्त, साखर कारखान्यांच्या शेतकी खात्याची पाहणी आणि निवडणुकांचा प्रचार या सर्व कामांसाठी ज्या एका वाहनाने स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील कच्चे रस्ते आणि ओढ्यानाल्यांची पात्रे तुडविली, ते जीप नावाचे वाहन मूळचे युद्धभूमीवरचे. विलीज कंपनीने १९४१ ते १९४५ या काळात ते अमेरिकी सैन्यासाठी बांधले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत त्याची जुळणी आरंभिली. आणि १९५३ साली अमेरिकेत निघालेला उंच बॉनेटचा सीजे-थ्री-बी हा नमुना मायदेशात १९६८ साली बंद पडल्यावरही आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे तयार होत राहिला. या गाडीच्या गुणांचे पोवाडे पुष्कळ गायिले गेले आहेत. परंतु तिच्या मालकाला, चालकाला आणि मिस्त्रीला आयुष्यभर पुरणारा विषय म्हणजे क्लच सोडताना, घाटात ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताना किंवा रिव्हर्स टाकताना तिच्या पोटातून उठणारा 'खट्' असा आवाज. त्याचे मूळ हुडकून काढणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि तिचा परिचय करून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंजिनाची शक्ती चाकापर्यंत एका उडीत पोहोचत नाही. क्लच, गिअरबॉक्स, पुढच्या व मागच्या चाकांत शक्ती वाटून देणारा ट्रान्सफर केस, दोन्ही टोकांना क्रॉस असलेला प्रोपेलर शाफ्ट, क्राऊन-पिनियन, डिफरन्शियल, हाफ शाफ्ट आणि शेवटी हब, अशी मजल दरमजल करीत ती रस्त्याला लागते. आणि या प्रत्येक मुक्कामी जेथे पोलाद पोलादाला भिडते तेथे थोडी मोकळीक मुद्दाम ठेवावी लागते, कारण ती नसेल तर तापून फुगलेल्या दातांना आणि त्यांच्यामधल्या तेलाच्या थराला जागाच उरणार नाही. क्राऊन-पिनियनच्या दातांत तर कारखान्यातच मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या भागाइतकी फट मोजून सोडलेली असते. जोवर जोर एकाच दिशेने लागत असतो तोवर या साऱ्या फटी एका बाजूला मिटलेल्या असतात व गाडी बिनबोभाट चालते. परंतु जोर उलटला, म्हणजे इंजिन चाकांना ओढण्याऐवजी चाके इंजिनाला ओढू लागली, की त्या सर्व फटी एका क्षणात ओलांडल्या जातात आणि त्या उडीचा आवाज आपल्या कानी येतो. तात्पर्य, खटका हा एकट्यादुकट्याचा नसून सामुदायिक असतो. त्यात आपल्या वाट्यापेक्षा अधिक भर कोण घालतो, हे ठरविणे म्हणजेच निदान.

या तपासात मुरलेला मिस्त्री आवाज कोठून येतो हे फारसे विचारीत नाही. तो केव्हा येतो, हे खोदून खोदून विचारतो. जीपचा पत्र्याचा सांगाडा आवाजाला अशा रीतीने खेळवितो की मागच्या हाउसिंगमधला ठोका चालकाला आपल्या आसनाखाली ऐकू यावा. म्हणून स्थळाविषयीची जबानी विश्वासार्ह नसते, काळाविषयीची मात्र असते. गाडी उभी असताना गिअर टाकताक्षणी एकच खटका आला तर तो एकूण मोकळिकीचा. थांबता थांबता किंवा निघता निघता आला तर संशय प्रोपेलर शाफ्टच्या सरकत्या सांध्यावर, कारण कमानपाटे खालीवर होताना शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून ठेवलेल्या या खाचा ग्रीसवाचून कोरड्या पडल्या की अडकतात व झटक्यात सुटतात. गाडी चालत असताना आवाज फेऱ्याफेऱ्याला येत असेल, तर केवळ मोजणीने अर्धा निकाल लागतो. सीजे-थ्री-बीच्या चाकाचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर आणि क्राऊन-पिनियनचे प्रमाण ५.३८, म्हणजे माणसाच्या चालीने गाडी चालविली असता चाक दोन सेकंदांत जेमतेम एक फेरा घेते आणि तेवढ्याच वेळात प्रोपेलर शाफ्टचे पाचांहून अधिक फेरे होतात. रेंगाळत येणारा ठोका चाकाच्या, हबच्या किंवा क्राऊनच्या बाजूचा. घाईघाईने येणारा शाफ्टच्या बाजूचा.

एवढी चौकशी झाल्यावर मिस्त्री गाडीखाली शिरतो. पण त्यापूर्वी चारही चाकांखाली दगड लावल्यावाचून शिरत नाही. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या मुखाशी बसविलेला असतो. शाफ्ट उतरविला की हँडब्रेक ओढूनही गाडी मोकळीच राहते, आणि मागचे एक चाक जॅकवर उचलले तरी डिफरन्शियलच्या कृपेने ती घरंगळू शकते. हे न जाणणाऱ्याने या विद्येच्या वाटेस जाऊ नये. मग शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळावयाचा, आणि क्रॉस व त्याला धरणारा काटा यांच्यामध्ये दृष्टी ठेवावयाची. त्या दोहोंत किंचितही वेगळी हालचाल दिसली, किंवा क्रॉसच्या वाट्यांभोवती तांबूस गंजाची भुकटी आढळली, तर आतील सुया कोरड्या पडून झिजल्या आहेत याला अन्य पुरावा नको.

क्रॉस शाबूत असूनही शाफ्ट हातात बराच फिरतो, आणि येथेच नवशिका फसतो. चाकाकडची एक अंशाची मोकळीक शाफ्टवर पाच अंशांहून अधिक होऊन दिसते. ती पाहून तो क्राऊन-पिनियन झिजल्याचा निवाडा देतो व मालकाला भल्यामोठ्या खर्चात लोटतो. वस्तुतः हाफ शाफ्टच्या खाचा, डिफरन्शियलमधील लहान दातेचक्रे आणि त्यांच्यामागचे वॉशर यांची झीज त्या आकड्यात मिसळलेली असते. शिवाय या गाडीत मागचा हब निमुळत्या शाफ्टवर चावी घालून नटाने आवळलेला असतो. तो नट सैल पडला की हब जागच्या जागी डोलतो, चावीला ठोकरतो आणि अगदी डिफरन्शियल फुटल्यासारखा आवाज काढतो. तो आवळावयास फारसा वेळ लागत नाही. चावी चेचली गेली असेल तर तेवढी बदलावी लागते. खुद्द डिफरन्शियलची जबानी घ्यावयाची तर आधी तेल काढून पाहावे: तळाशी बारीक काळसर गाळ ही वयाची खूण, दातांचे तुकडे मात्र गुन्ह्याची.

क्रॉसचा सांधा हा या साऱ्या यंत्रणेतला कुलीन घटक. सतराव्या शतकात रॉबर्ट हुक याने त्याच्या गतीचा अभ्यास केला, आणि मोटारीसाठी क्लॅरेन्स स्पायसर याने त्यावर १९०३ साली पेटंट मिळविले. त्याचा एक जन्मजात दोष असा की सांधा कोनात असला म्हणजे पुढचा शाफ्ट एकसारख्या गतीने फिरत असूनही मागचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. वीस अंशांच्या कोनात हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे सहा टक्के पडतो. दुसऱ्या टोकाचा सांधा हा दोष फेडतो, पण दोन्ही काटे एका रेषेत बसविले असतील तरच. शाफ्टचे दोन भाग सोडवून खुणा न पाहता जोडले, तर दोष फिटण्याऐवजी दुणावतो. हौसेखातर कमानपाटे उंच करणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे: जीपच्या दोन आसांमधील अंतर अवघे ८० इंच असल्याने तिचा शाफ्ट आखूड, आणि गाडी थोडी उचलली तरी कोन फार वाढतो.

काही आवाज तर शक्तिवहनाचे नसूनही त्याच्या नावावर खपतात. कमानपाट्यांना हाउसिंगशी बांधणारे यू-बोल्ट सैल झाले, शॅकलचे बुश खलास झाले किंवा इंजिन-गिअरबॉक्सखालचे रबर फाटले, की क्लच सोडताच अख्खे धूड वळवळते आणि धप्पकन आदळते. याउलट फोर-व्हील घालून डांबरी रस्त्यावर वळणे घेतली तर गाडी निर्दोष असूनही ठणाणते. वळणात पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांब वाट चालावी लागते, ट्रान्सफर केसमध्ये तो फरक जिरविण्याची सोय नसते, आणि साचलेला पीळ टायर घसरून मोकळा होतो. चिखलात किंवा वाळूत हा पीळ सहज सुटतो. डांबरावर फोर-व्हील काढून टाकणे हाच त्यावरचा उपाय.

म्हणून या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. प्रथम ग्रीस, मग पाना, नंतर क्रॉस आणि सर्वांत शेवटी डिफरन्शियल. कारण स्वस्त संशयितांची झडती घेतल्यावाचून महागड्याला अटक करणे हा या धंद्यातला सर्वांत मोठा अन्याय. एका वेळी एकच वस्तू बदलावी, आणि दुरुस्तीनंतर गाडी त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तेवढेच ओझे घालून चालवून पाहावी. आवाज नाहीसा न होता नुसता बदलला तर आरोपी एकाहून अधिक होते असे समजावे. आणि सर्व झडती होऊनही क्लच सोडताना बारीकसा 'खट्' उरलाच, तर जाणता मिस्त्री हात पुसून मालकाला सांगतो की आता याला हात लावू नका. सहज चालणाऱ्या यंत्रात तेवढी मोकळीक असावीच लागते, आणि ती दाबून टाकण्यासाठी दात घट्ट बसविणारा कारागीर आवाजाबरोबर गाडीचे आयुष्यही कमी करतो.