दुसरी वाट खरंच चालते का?

खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढला की डेक्कनजवळचा बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो. पेठेत जाणाऱ्याला एरवी तो जवळचा, पण त्या दिवशी लकडी पुलावरून जावं लागतं. पूल बंद आहे हे बॅरिकेड दिसताच पुणेकराला कळतं आणि तो गाडी वळवतो.

सर्व्हरला असं बॅरिकेड कोणी लावून देत नाही. स्टोरेजकडे जाणारी वाट तुटली हे त्यानेच ओळखायचं, अडकलेलं काम परत घ्यायचं आणि दुसऱ्या वाटेने पुन्हा पाठवायचं. या व्यवस्थेला मल्टिपाथिंग म्हणतात आणि वाट बदलण्याला फेलओव्हर. पुण्याला हा विषय परका नाही. व्हेरिटास या स्टोरेज सॉफ्टवेअर कंपनीचं मोठं अभियांत्रिकी केंद्र अनेक वर्षं या शहरात होतं. तिचं डायनॅमिक मल्टिपाथिंग सोलारिस, एआयएक्स, एचपी-यूएक्स आणि लिनक्स या चारही प्रणालींवर वापरलं गेलं. तरीही सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये काही समजुती घट्ट बसल्या आहेत आणि त्यांची किंमत ऐन अडचणीच्या रात्री मोजावी लागते.

गैरसमज: दोन केबल जोडल्या म्हणजे दोन वाटा झाल्या.

वस्तुस्थिती: दोन्ही केबल सर्व्हरला स्टोरेजशी जोडणाऱ्या एकाच एचबीए कार्डाच्या दोन पोर्टमध्ये असतील, तर कार्ड गेलं की दोन्ही वाटा जातात. कार्डं दोन, पण स्विच एकच असेल, तरी तेच. स्विचही दोन आहेत, पण दोघांची वीज एकाच पट्टीवरून येते, असंही रॅकमागे वाकून पाहिल्यावर आढळतं.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं. त्याच्या खाली खडकवासल्याचं धरण उभं होतं. पण पानशेतचं पाणी शेवटी तिथेच येणार होतं आणि त्या लोंढ्यापुढे त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं. धरणं दोन होती, पण संकट दोघांवर एकाच वाटेने आलं. म्हणून सर्व्हरपासून स्टोरेजच्या कंट्रोलरपर्यंत प्रत्येक टप्पा कागदावर काढावा आणि दोन्ही वाटांत सामाईक काय आहे ते शोधावं. दोन स्वतंत्र कार्डं, दोन स्वतंत्र स्विच, दोन कंट्रोलर आणि विजेचे दोन वेगळे स्रोत, एवढं जुळलं तरच वाटा खऱ्या अर्थाने दोन.

गैरसमज: सर्व्हरला चार डिस्क दिसतात, म्हणजे चार डिस्क आहेत.

वस्तुस्थिती: सर्व्हरचा प्रत्येक पोर्ट दोन्ही कंट्रोलरपर्यंत पोचत असेल, तर दोन पोर्टच्या चार वाटा होतात. लिनक्स एकच लन, म्हणजे स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क, चार नावांनी दाखवतं: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई. चारही नावांमागचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी, म्हणजे डिस्कची जागतिक ओळख, एकच असते. मल्टिपाथ सॉफ्टवेअर ती ओळख पाहून चारही नावं एका उपकरणात गुंफतं. फाइल सिस्टीम त्या गुंफलेल्या उपकरणावरच बांधायची. घाईत एसडीबी थेट माउंट केली, तर ती वाट तुटल्यावर बाकी तीन शाबूत असूनही काम थांबतं. एकच लन दोन नावांनी दोनदा वापरात आली, तर डेटाच खराब होऊ शकतो.

'मल्टिपाथ -एलएल' ही कमांड चालवली की हे चित्र समोर येतं. वर डब्ल्यूडब्ल्यूआयडी, त्याखाली वाटांचे गट. अनेक स्टोरेजमध्ये दोन कंट्रोलरपैकी एकच त्या लनचा मालक असतो. त्याच्या वाटांच्या गटाला प्राधान्य ५०, दुसऱ्या गटाला १०. निरोगी वाटेपुढे 'अ‍ॅक्टिव्ह रेडी रनिंग' असं लिहिलेलं असतं, तुटलेल्या वाटेपुढे 'फेल्ड फॉल्टी'. चार ओळी अपेक्षित असताना तीनच दिसल्या, तर चौथ्या वाटेचं झोनिंग किंवा केबल तपासायची, आणि तेही आजच.

गैरसमज: एक वाट तुटली की दुसरी क्षणात चालू होते.

वस्तुस्थिती: आधी वाट तुटल्याचं कळावं लागतं. केबल पूर्ण निघाली तर प्रकाश बंद होतो आणि कार्डाला ते लगेच कळतं. खरा त्रास अर्धवट बिघाडाचा. लेझर मॉड्यूल कमजोर झालेलं असतं, लिंक चालू दिसते, पण पाठवलेल्या कमांडचं उत्तर येत नाही. लिनक्समध्ये डिस्कच्या कमांडची मुदत मुळात ३० सेकंदांची असते. ती संपल्यावर चुकांची हाताळणी सुरू होते आणि मगच ते काम दुसऱ्या वाटेकडे वळतं. वाटांची तपासणी सुरुवातीला दर ५ सेकंदांनी होते, पण वाट नीट चालत राहिली की हे अंतर वाढत २० सेकंदांपर्यंत जातं. इथरनेटवरून स्टोरेज जोडणाऱ्या आयस्कझीमध्ये तर तुटलेलं सत्र परत येण्याची वाट मूळ सेटिंगनुसार १२० सेकंद पाहिली जाते. ही मुदत एकट्या वाटेसाठी ठीक आहे, पण दुसरी वाट तयार असताना ती मुद्दाम कमी करावी लागते. वरचा डेटाबेस ६० सेकंदांत हार मानणार असेल, तर फेलओव्हर यशस्वी होऊनही सेवा बंद पडते.

गैरसमज: सगळ्याच वाटा गेल्या, तर सर्व्हरने हवं तेवढं थांबणंच सुरक्षित.

वस्तुस्थिती: 'नो-पाथ-रिट्राय' या सेटिंगमध्ये 'क्यू' लिहिलं, तर सगळ्या वाटा गेल्यावर लिखाण रांगेत अमर्याद साठत राहतं. प्रक्रिया 'डी' अवस्थेत अडकतात आणि 'किल'लाही दाद देत नाहीत. क्लस्टरमधला जोडीदार सर्व्हर सूत्रं हाती घ्यायला तयार असतो, पण पहिला सर्व्हर धड मेलेलाही नसतो. तिथे आकडा लिहिणं बरं. ५ सेकंदांच्या तपासणीत १२ लिहिलं, तर साधारण ६० सेकंद वाट पाहून सर्व्हर चूक कळवतो. दुसरीकडे, एकाकी सर्व्हरसाठी आणि स्टोरेजच्या छोट्या रीस्टार्टपुरतं रांगेत थांबणं योग्यही ठरतं. हा निर्णय वरच्या अ‍ॅप्लिकेशनकडे पाहूनच घ्यायचा असतो.

गैरसमज: युनिक्स सगळं सारखंच, एकावरचं ज्ञान दुसऱ्यावर चालतं.

वस्तुस्थिती: तत्त्व एक, सवयी वेगळ्या. सोलारिसमध्ये 'एसटीएमएसबूट -ई'ने मल्टिपाथिंग चालू करून रीबूट करावं लागतं. एचपी-यूएक्समध्ये ११आय व्ही३ पासून ते मूळ प्रणालीतच आलं. त्याआधी व्हॉल्यूम ग्रुपला पर्यायी लिंक हाताने जोडत. एआयएक्समध्ये वाटा 'एलएसपाथ'ने पाहतात आणि तिथे एक खास खड्डा आहे. व्हर्च्युअल स्कझी डिस्कवर 'एचचेक-इंटरव्हल'ची मूळ किंमत ० असते, म्हणजे तुटलेल्या वाटेची पुन्हा तपासणीच होत नाही. केबल दुरुस्त होते, स्विच परत येतो, पण वाट 'फेल्ड'च राहते. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूची देखभाल निघाली की सर्व्हरकडे एकही वाट उरत नाही. ही किंमत सहसा ६० ठेवतात.

गैरसमज: कमांडने वाट बंद करून पाहिली, म्हणजे चाचणी झाली.

वस्तुस्थिती: डिस्क 'ऑफलाइन' केली की कर्नल त्या वाटेवरचं काम ताबडतोब नाकारतं. हा स्वच्छ, तत्काळ बिघाड आहे. खरा बिघाड असा शिस्तीत येत नाही. त्यामुळे चाचणी स्विचच्या पोर्टवर आणि प्रत्यक्ष केबलवर घ्यावी लागते.

मेंटेनन्स विंडोमध्ये आधी बॅकअप तपासावा, कारण चुकून पुसलेली फाइल मल्टिपाथिंग परत आणत नाही. मग डिस्कवर खरं लिखाण सुरू ठेवावं. दर सेकंदाला वेळेची एक ओळ लिहिणारी छोटी स्क्रिप्टही पुरते. स्विचवरचा एक पोर्ट बंद करायचा आणि दोन ओळींमधलं सर्वांत मोठं अंतर मोजायचं. तोच आकडा म्हणजे त्या सर्व्हरचा खरा फेलओव्हर वेळ. नंतर अख्खा स्विच, मग एक कंट्रोलर. एकच वाट जिवंत ठेवून रीबूटही करून पाहायचं, कारण सिस्टीम डिस्क स्टोरेजवर असेल तर मल्टिपाथची सेटिंग सुरुवातीच्या बूट इमेजमध्येही लागते. सेटिंग बदलून ती इमेज नव्याने न बांधल्याचं नेमकं याच वेळी उघड होतं.

या क्रमात सर्वांत जास्त गाळली जाणारी पायरी परतीची आहे. पोर्ट पुन्हा चालू केल्यावर वाटा मोजायच्या, प्राधान्य ५० चा गट पुन्हा कामाला लागला का ते पाहायचं, प्रत्येक आकडा वेळेसह नोंदवायचा. चारही ओळींपुढे 'अ‍ॅक्टिव्ह रेडी रनिंग' दिसेपर्यंत दुसऱ्या बाजूच्या केबलला हात लावायचा नाही.