हायड्रॉलिक टाकायचेत? आधी सायकल बघा!

रविवारी पहाटे सायकलवर सिंहगड मारणाऱ्या कुणालाही विचारा, अवघड काय? तो म्हणेल, चढ. साफ खोटं. चढताना फक्त दम लागतो, भीती वाटते ती उतरताना. गाडीतळापासून गोळेवाडीपर्यंत साधारण ६०० मीटर खाली यायचं, वाटेत घट्ट वळणं आणि समोरून वर येणाऱ्या गाड्या. गेल्या पावसाळ्यात मी अर्ध्यावर आलो तेव्हा बोटं बधिर झाली होती, लिव्हर जवळजवळ हँडलला टेकत होता आणि सायकल थांबायच्या मूडमध्ये अजिबात नव्हती. वळणावर जीप आली. सायकल सरळ कडेच्या गटारात घातली, म्हणून आज हे लिहायला शिल्लक आहे.

संध्याकाळी खरचटलेल्या कोपराचा फोटो ग्रुपवर टाकला. सगळ्यांचं एकच उत्तर: ‘हायड्रॉलिक टाक ना भावा!’

ब्रेकवर नेमका किती भार येतो, यासाठी थोडं अकरावीचं फिजिक्स. मी आणि सायकल मिळून ९० किलो. ६०० मीटर खाली आलो, म्हणजे एमजीएच काढलं तर सुमारे ५३० किलोज्यूल. एवढ्या ऊर्जेत दीड लिटरहून जास्त पाणी उकळतं! थोडी वाऱ्यात जाते, पण हळू उतरलात तर बरीचशी उष्णता त्या दोन पातळ रोटरमध्येच जिरते.

स्वस्त मेकॅनिकल डिस्कमध्ये वायर ओढली की सहसा एकच पॅड सरकतो. तो रोटरला वाकवून पलीकडच्या न हलणाऱ्या पॅडवर दाबतो. वायर ताणते, तिचं कव्हर दबतं, आत चिखल जातो; तुमच्या बोटांची निम्मी ताकद वाटेतच संपते. हायड्रॉलिकमध्ये वायरच्या जागी तेल. शाळेत घोकलेला पास्कलचा नियम इथे कामाला येतो: तेल दाबलं जात नाही, त्यामुळे लिव्हरवरचा जोर थेट दोन्ही बाजूंच्या पिस्टनपर्यंत पोचतो. पॅड झिजले तरी पिस्टन आपोआप पुढे येतात. एका बोटात काम होतं, आणि ब्रेक किती लावायचा हे खरोखर आपल्या हातात राहतं.

मग काय, पैसे जमवले आणि आमच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. काकांनी पॅड काढून नाकाशी धरले. ‘चेनला स्प्रे मारलास ना?’ मारला होता. तोही चेनपासून मागच्या रोटरपर्यंत, अगदी मनापासून. ‘पॅडने तेल प्यायलंय. यावर कुठलाही ब्रेक टाक, थांबणार नाही.’ नवे पॅड, नवी वायर, नवं कव्हर आणि न हलणारा पॅड रोटरच्या जवळ आणून सेट करणं. काही शेकड्यांत सायकल पुष्कळ सुधारली. कॉलेज, क्लास आणि सपाट रस्ते एवढंच चालवत असाल तर इथेच थांबा, प्लीज. मला मात्र दर रविवारी गड उतरायचा होता.

आता खरी गंमत. ‘कुठला ब्रेक भारी?’ हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न, तुमची सायकल काय स्वीकारते? फ्रेम आणि फोर्कवर डिस्कचे माउंट नसतील तर विषय संपला. स्वस्त एमटीबीत अनेकदा गिअर शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर एकाच तुकड्यात असतात. ब्रेक लिव्हर काढला की शिफ्टरही गेला, म्हणजे नवे शिफ्टर आणि फुगलेलं बिल. माझं बजेट इथेच कोसळलं. माउंट आयएस आहे की पोस्ट, रोटर १६०चा की १८०चा, सहा बोल्टचा की सेंटरलॉक, हे फोटो काढून दुकानात दाखवा, अ‍ॅडाप्टर त्यावरच ठरतो. पुढे मोठा रोटर टाकायचा मोह होतो, पण फोर्कला किती चालतो ते आधी बघा.

ऑनलाइन घेताना आणखी एक फसगत. आपल्याकडे उजवा लिव्हर म्हणजे पुढचा ब्रेक, मोटारसायकलसारखा. अमेरिका-युरोपच्या बऱ्याच सेटमध्ये उलटं असतं. पाइप आधीच तेलाने भरून जोडलेले येतात, त्यामुळे चुकीची बाजू आली की पाइप काढा, ब्लीडिंग करा, सगळा व्याप. आणि अर्ध्या उतारावर घाबरून नेहमीच्या सवयीने मागचा समजून पुढचा दाबलात, तर हँडलवरून थेट पलीकडे!

मी शिमानोचा एमटी२०० घेतला. दोन पिस्टन, मिनरल ऑइल, दिसायला अगदीच साधा, पण त्याचे पॅड सहज मिळतात. टेक्ट्रोचे साधे मॉडेलही याच पंक्तीतले. चार पिस्टनवाले ब्रेक फोटोत लय भारी दिसतात, पण आपल्याला ते कशाला हवेत? रोटरवर बारीक अक्षरांत ‘रेझिन पॅड ओन्ली’ लिहिलं असेल तर मेटल पॅड लावू नका, रोटर लवकर झिजतो. तेलाचं तर विसरूच नका. श्रामच्या बऱ्याच ब्रेकना डॉट फ्लुइड लागतं, शिमानोला मिनरल. मोटारसायकलच्या गॅरेजमधली बाटली डॉटची असते. ती ‘चालतंय की’ म्हणून शिमानोत ओतली, तर आतले रबरी सील खराब होतात.

एक मात्र कबूल करतो. दिवाळीत मित्रांबरोबर सायकलने कोकणात जायचंय, तेव्हा मी मेकॅनिकलवाल्या मित्राचा थोडा हेवा करेन. ब्रेकची वायर गावोगावच्या दुकानात मिळेल, पण पाइप फुटला तर ब्लीडिंग किट कोण देणार? चाक काढून सायकल टेम्पोत टाकायची असेल तर पॅडमध्ये पुठ्ठा अडकवा. रिकाम्या कॅलिपरवर कुणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येऊन बसतात.

बसवल्यावर पहिल्या दिवशी ब्रेक इतका मऊ लागला की फसलो असंच वाटलं. काका म्हणाले, ‘अरे, पॅड बसू दे.’ रिकाम्या रस्त्यावर वेग घ्यायचा, चाक लॉक न करता हळू व्हायचं, असं वीसेक वेळा. मग ब्रेक धरायला लागला.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच उतार. त्याच वळणावर पुन्हा जीप आली, आणि मी शांतपणे थांबून तिला जागा दिली. गोळेवाडीला पोचल्यावर रोटर खरंच किती तापतो ते बघायला बोट लावलं. तुम्ही लावू नका. एमजीएचचा फोड आठवडाभर बोटावर होता.