घरी येतं, पेपरात आठवत नाही

“घरी सगळं पाठ होतं, पेपर हातात आला आणि काही आठवेना.” दहावी-बारावीच्या दिवसांत आपल्या घराघरांत हे ऐकू येतं. “तुझं लक्षच नव्हतं,” हे अम्मी-अब्बांचं उत्तरही ठरलेलं. आम्हाला हे उत्तर अन्यायाचं वाटतं.

१९७५ साली गॉडन आणि बॅडली या संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या ओबान इथे १८ पाणबुड्यांवर एक प्रयोग केला. ३६ शब्दांची यादी त्यांना कधी किनाऱ्यावर, तर कधी २० फूट पाण्याखाली ऐकवली. मग आठवतील तितके शब्द लिहायला सांगितले, तेही कधी वर, कधी खाली. किनाऱ्यावर ऐकून तिथेच लिहिताना सरासरी १३.५ शब्द आठवले, पाण्यात ऐकून पाण्यातच लिहिताना ११.४. जागा बदलली की आकडा साडेआठच्या आसपास! २०२१ साली हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मात्र हा फरक दिसला नाही. म्हणून जागेलाच सगळा दोष देऊ नये.

तरी घरात कामाला येईल असं यात बरंच आहे. १९९८ साली अमेरिकेत काहींना कॅन्टीनचा गलका ऐकवत आणि काहींना शांततेत एक लेख वाचायला दिला. वाचताना जशी स्थिती होती तशीच परीक्षेच्या वेळी मिळालेल्यांची उत्तरं जास्त बरोबर आली. आता परीक्षेचा हॉल तर शांतच असतो. मग निदान उजळणीचा तासभर तरी टीव्ही बंद ठेवायला काय हरकत आहे? (पाहुण्यांचं काय करायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.)

आपल्या हाफिजांना हे नवीन नाही. तरावीह पढवायची असेल तर तो पारा आधी नफिलमध्ये उभं राहून वाचून बघतात. बसून, मुसहफ समोर ठेवून येणारा सबक उभं राहिल्यावर कुठे अडतो, ते तिथेच कळतं. गणित-इतिहासाचंही तसंच करता येईल: पुस्तक मिटायचं, घड्याळ लावायचं आणि कागदावर लिहायचं.

एका खोलीच्या घरात वेगळी जागा कुठून आणायची? १९७८ सालच्या एका प्रयोगात ४० शब्द दोनदा वाचायला दिले होते. दोन्ही वेळा एकाच खोलीत वाचणाऱ्यांना तिसऱ्या, नव्या खोलीत सुमारे १६ शब्द आठवले; दोन वेगळ्या खोल्यांत वाचणाऱ्यांना २४. तेव्हा एक धडा घरी वाचला, तर तोच दुसऱ्यांदा गच्चीवर, वाचनालयात किंवा खालाच्या घरी वाचू द्या.