आपल्या डोंगराचा काळा दगड आणि मॉरिशस

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, ज्वालामुखीचा धडा आला की आमच्या तलासरीकडची मुलं हमखास विचारतात, "सर, आपल्याकडे ज्वालामुखी का नाही?"

त्यांना आधी अंगणातला काळा दगड हातात घ्यायला सांगा. हा बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला आणि थंड झाला, त्याचाच हा खडक.

मग नकाशात हिंदी महासागरातलं मॉरिशस दाखवा. मेणबत्तीच्या ज्योतीवरून कागद सरकवला तर जागोजागी डाग पडतात ना, तसंच इथे झालं. पृथ्वीच्या पोटातलं तप्त ठिकाण तेच राहिलं, वरचा भूभाग सरकत गेला. त्याच ठिकाणच्या लाव्ह्यातून आधी आपलं दख्खन आणि खूप नंतर, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस तयार झालं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. शेजारच्या रियुनियन बेटावर आजही ज्वालामुखी जागा आहे.

मॉरिशसचे ज्वालामुखी आता शांत आहेत. क्युरपिपला झाडीने भरलेलं विवर दिसतं. गंगा तलाव हेही जुनं विवरच! शामारेलची माती सात रंगांची आहे. बेटाभोवती प्रवाळाची रांग असल्यामुळे किनाऱ्याचं पाणी शांत राहतं.

एकोणिसाव्या शतकात कोकणातले मजूर तिथे उसाच्या मळ्यांत गेले. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

म्हणजे नातं माणसांचं आहे, तसंच दगडाचंही. भूगोल दूरच्या देशातच असतो असं मुलांना वाटू देऊ नका.