नकलनवीसाचा प्रमाद

ज्या देशाचा नकाशा कोणत्याही दप्तरात सापडत नाही आणि ज्याच्या राजांची वंशावळ कोणत्याही बखरीत नाही, अशा देशातील एखादा प्रसंग लिहून तो स्नेह्याच्या हाती ठेवणे मोठे नाजूक काम आहे. सामाजिक कथेतील वाडा किंवा बाजार वाचकाने कधीतरी पाहिलेला असतो, आणि लेखकाचे वर्णन उणे पडले तरी ते तो आपल्या स्मृतीने भरून काढतो. अद्भुत कथेत मात्र लेखकाने जे उभे केले नाही, ते कोठेच नसते. म्हणून अशा लेखनावर अभिप्राय देणाऱ्याची जबाबदारी अधिक, आणि तो घेणाऱ्याची कसोटीही तितकीच कठीण. या दोहोंचा वस्तुपाठ ऑक्सफर्डमधील दोन अध्यापकांच्या मैत्रीत पाहावयास मिळतो.

1929 सालच्या डिसेंबरात जे. आर. आर. टॉल्किन यांनी आपले एक अपुरे दीर्घकाव्य सी. एस. लुईस यांना वाचावयास दिले. बेरेन हा मर्त्य मानव आणि लूथिएन ही एल्फ-कुळातील राजकन्या, यांच्या प्रेमाची ती कथा. लुईस रात्री उशिरापर्यंत ती वाचीत बसले आणि लगोलग पत्र लिहून त्यांनी आपला आनंद कळविला. काव्यामागील सृष्टीचे खरेपण आणि तिचे पुराणकथेसारखे मोल हे दोन गुण त्यांनी नेमके सांगितले, आणि तक्रारी मागाहून येतील, असेही नमूद केले.

त्या तक्रारी आल्या 14 पृष्ठांच्या टिपणातून, आणि त्यांची रीत अपूर्व होती. हे काव्य जणू प्राचीन असून त्याच्या अनेक हस्तलिखित प्रती उपलब्ध आहेत, आणि त्यांतील पाठभेदांवर पंडितांचा वाद चालला आहे, अशी कल्पना करून लुईस यांनी ते लिहिले. जी ओळ त्यांना खटकली, ती मूळ कवीची नव्हेच, कोणा नकलनवीसाच्या प्रमादाने तो पाठ भ्रष्ट झाला, असा निर्णय ते पंडितांच्या तोंडी घालीत, आणि कित्येकदा तेथे स्वतः रचलेला पाठ सुचवीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या ताडून पाहणाऱ्या विद्वानांचे कार्य ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या युक्तीचे मर्म सहज उमगेल. दोष एकही लपविला नाही. परंतु त्या काल्पनिक सृष्टीची प्राचीनता आधी मान्य करून, तिच्या आत उभे राहून तो दाखविला.

अद्भुताच्या परीक्षणाचे तत्त्व हेच आहे. घोडा उडाला, हा आक्षेप नव्हे; कालच्या प्रकरणात दरी ओलांडू न शकणारा घोडा आज कशाच्या बळावर उडाला, हा आक्षेप होय.

टॉल्किन यांनी लुईसना खटकलेल्या बहुतेक ओळींवर पुन्हा काम केले, आणि काही ठिकाणी सुचविलेला पाठ थोडा पालटून स्वीकारला. मात्र त्यांना टीका सांगितली की ते एक तर सारे मुळापासून पुन्हा लिहितात, नाहीतर तिकडे लक्षच देत नाहीत, असे लुईस यांनीच 1959 मध्ये लिहून ठेवले. मला यात विसंगती दिसत नाही. वाचकाने द्यावयाची ती जबानी: येथे माझे मन रमले, येथे माझा विश्वास ढळला. ती लेखकाने खोटी मानू नये; परंतु निवाडा त्याचाच असावा.

दुसऱ्याच्या सृष्टीच्या आत उभे राहणे थोरांनाही कठीण जाते. 1949 मध्ये लुईस यांनी आपल्या नार्निया-कथेचा प्रारंभ टॉल्किन यांना वाचून दाखविला, तेव्हा त्यांना तो मुळीच रुचला नाही. रोमन पुराणांतील फॉन आणि नाताळबाबा या दोघांनाही ज्या देशात जागा आहे, त्या देशाचा कायदा टॉल्किन यांच्या सृष्टीहून निराळाच होता. लुईस खचले, पण रॉजर लॅन्सेलिन ग्रीन या दुसऱ्या श्रोत्याने धीर दिला, आणि 1950 मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले.

स्वतः टॉल्किन यांनी मात्र लुईसचे ऋण अखेरपर्यंत मानले. आपली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी 1954-55 मध्ये प्रकाशित झाल्यावर पुढे त्यांनी सांगितले की, हे ऋण प्रभावाचे नसून निखळ प्रोत्साहनाचे आहे. आपले लेखन खाजगी छंदाहून काही अधिक असू शकेल, ही जाणीव त्यांना लुईस यांनीच दिली. ओळींची दुरुस्ती लेखक पुढेमागे स्वतःही करू शकतो. ही जाणीव मात्र त्याला दुसऱ्याकडूनच मिळावी लागते.