सोपवलेली माहिती आणि तिचे कुलूप

वधू-वर सूचक केंद्राची नोंदवही पूर्वी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली चिटणिसांजवळ. आज तीच वही बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मावते. मेळाव्याची परिचय-पुस्तिका निघावयाची असली, की तो पेन ड्राइव्ह एका गावच्या कार्यकर्त्याकडून दुसऱ्या गावच्या कार्यकर्त्याकडे, तेथून मुद्रणालयाकडे फिरतो. त्यात उपवर मुलामुलींची छायाचित्रे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक, उत्पन्न आणि क्वचित आजारपणाची वा घटस्फोटाचीही नोंद असते. हरवतो तो पेन ड्राइव्ह. उघडी पडते ती अनेक घरांची खासगी बाब.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याची एकांतातील गोष्ट उघड करणे, हा एक. आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे, हा दुसरा. परिचयपत्र ही अशीच विश्वासाने सोपविलेली ठेव होय. ती बुद्ध्या उघड न करणे हे तर कर्तव्यच. परंतु प्रमादाने उघडी पडू न देणे हेही श्रावकाच्या विवेकात येते.

येथे काही गैरसमज दूर केले पाहिजेत. संगणक सुरू करताना विचारला जाणारा पासवर्ड म्हणजे फाइलचे कुलूप नव्हे. डिस्क कूटबद्ध केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडताच आतील मजकूर वाचता येतो. फोल्डर अदृश्य केल्याने तो सुरक्षित होत नाही. एक पर्याय बदलला, की तो पुन्हा दिसू लागतो. एक्सेलमधील ‘प्रोटेक्ट शीट’ ही सोय तक्त्यात फेरफार होऊ नये म्हणून आहे, वाचन थांबविण्यासाठी नव्हे. पुसून टाकलेली फाइलही पेन ड्राइव्हमधून पुष्कळदा परत मिळविता येते.

खरे कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. त्यात मजकूरच कूटलिपीत बदलतो आणि पासवर्डावाचून तो अर्थशून्य राहतो. एखादीच वर्ड किंवा एक्सेल फाइल असेल, तर ‘फाइल’ आणि ‘इन्फो’ या मार्गाने जाऊन ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ हा पर्याय निवडावा. अनेक फाइली व छायाचित्रे असतील, तर सेव्हन-झिप या विनामूल्य प्रणालीने त्यांचे एक गाठोडे बांधावे. त्यात सेव्हन-झेड हा प्रकार निवडून फाइलींची नावे झाकण्याच्या पर्यायावरही खूण करावी. अन्यथा मजकूर झाकला, तरी नावे दिसत राहतात आणि पुष्कळदा नावातच गुपित असते. संपूर्ण पेन ड्राइव्ह झाकावयाचा असेल, तर विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकरची सोय आहे. होम आवृत्तीत असा ड्राइव्ह उघडता येतो, तयार करता येत नाही. सीडीवर माहिती द्यावयाची असेल, तर आधी फाइल कूटबद्ध करावी व मग सीडी लिहावी.

एकच डिस्क दोघे-तिघे वापरत असतील, तर प्रत्येकाच्या फाइलींचे गाठोडे वेगळे आणि पासवर्डही वेगळा असावा. म्हणजे हिशेबनिसास हिशेब दिसतील, परिचयपत्रे दिसणार नाहीत.

कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीतून पाठवू नये. डिस्क हातोहात द्यावी, पासवर्ड दूरध्वनीवरून सांगावा. तो चिठ्ठीवर लिहून डिस्कला चिकटवणे म्हणजे उंबऱ्यावर किल्ली ठेवून गावाला जाणे होय. संस्थेचे नाव व स्थापनेचे वर्ष, मूलनायकांचे नाव, स्वतःची जन्मतारीख हे पासवर्ड ओळखीच्या माणसाला सहज सुचतात. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षातही राहतो आणि तर्काने सापडत नाही. मात्र असा पासवर्ड विसरला, तर फाइल कायमची गेली असेच समजावे. म्हणून तो बंद पाकिटात घालून एका जबाबदार विश्वस्ताकडे ठेवावा.

या उपायाची मर्यादाही ओळखली पाहिजे. ज्याला पासवर्ड दिला, तो फाइल उघडून तिची प्रत करू शकतो. तेथे कुलूप हतबल होते. तेव्हा खरा प्रश्न असा, की द्यावे किती? मुद्रणालयाला पुस्तिकेत छापावयाचा मजकूर पुरतो. घटस्फोटाचे कागद त्याला कशाला? मेळावा संपल्यावर जुनी परिचयपत्रे वर्षानुवर्षे जपण्याचे तरी प्रयोजन काय? अपरिग्रह केवळ धन-धान्याचा नसतो. जी माहिती गोळाच केली नाही, ती चोरीस जात नाही. आणि जी गोळा केली, ती सांभाळण्याचा भार घेणाऱ्यावर राहतो. मुलीचे परिचयपत्र केंद्राच्या हाती देणारे आईवडील पासवर्ड विचारीत नाहीत. तो विचारण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, याची काळजी केंद्राने घ्यावयाची असते.